गरजू दिसणारा चेहरा

बुटकीच्या शर्टाला मावशींनी स्वतः इस्त्री केली होती आणि घोटाळ्याची सुरुवात तिथूनच झाली.

मावशींचं दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज होतं. बालगृहातल्या मुलींना अठरा वर्षं पूर्ण झाली की बाहेर पडावं लागतं आणि बाहेर त्यांची वाट बघणारं कुणी नसतं. अशा चार मुलींना मावशी आठ महिन्यांपासून काम शिकवत होत्या. जागा अपुरी, अवजारं अपुरी आणि मावशींचा स्वभाव मुळातच तापट. अशात एका ट्रस्टने जाहीर केलं की वंचित तरुणांसाठी नव्याने सुरू झालेल्या उपक्रमांना बीजभांडवल मिळेल. शाळेत शिकवणाऱ्या भाचीने अर्ज भरायला घेतला. उपक्रम एका वर्षाच्या आतला हवा, अशी अट होती आणि खाली मागच्या तीन वर्षांचे अहवाल जोडा, अशी सूचना. मावशी तो कागद फाडायलाच निघाल्या होत्या. भाचीने 'लागू नाही' असं लिहून वेळ मारून नेली.

तरीही गॅरेज शेवटच्या फेरीत पोचलं. देणगीदारांसमोरच्या कार्यक्रमाला येताना एक लाभार्थी सोबत आणा, फोटो काढायचा आहे, असं पत्र आलं. मावशींनी बुटकीला निवडलं. चौघींत उंचीने सगळ्यात कमी, पण हात सगळ्यात तयार. तिला नवे बूट घेतले, केस नीट बांधून दिले आणि शर्टाची इस्त्री मोडू नये म्हणून रिक्षात टेकूनसुद्धा बसू दिलं नाही.

ट्रस्टच्या कार्यालयात फोटोग्राफरने बुटकीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, कॅमेरा खाली केला आणि तो अधिकारीबाईंच्या कानाशी लागला. बाई गोड हसत मावशींकडे आल्या. मुलगी छानच आहे म्हणाल्या, पण फोटो देणगीदारांना दाखवायचा आहे, तर हिचे रोजचे, जरा जुने कपडे आणलेत का?

"म्हणजे ती गरीब दिसायला हवी," मावशी म्हणाल्या.

"गरीब नाही हो. गरजू."

"ती गरजू दिसू नये म्हणून आम्ही आठ महिने राबतोय, बाई. आणि तुम्हाला ते आता पुसून हवंय?"

बाईंनी निदान केस तरी थोडे विस्कटू का, असं विचारलं. मावशींच्या कपाळावरची शीर उडायला लागली. सोबत आलेल्या भाचीने त्यांचा दंड धरला आणि त्यांना ओढतच जिन्यात नेऊन बसवलं. तिथे मावशींनी ट्रस्टचा, फोटोग्राफरचा आणि अर्जाचा नमुना तयार करणाऱ्या अज्ञात माणसाचा यथेच्छ उद्धार केला.

इकडे बुटकी एकटीच दाराशी उभी राहिली. स्वागताला नेमलेल्या स्वयंसेविकेने तिची इस्त्री पाहिली, नवे बूट पाहिले, ही कुणा पाहुण्यांची मुलगी असणार असं ठरवलं आणि हातात गुच्छ देऊन तिला सभागृहात पहिल्या रांगेत ट्रस्टच्या अध्यक्षांच्या पत्नीशेजारी बसवलं.

फोटोग्राफरची मात्र पंचाईत झाली. कार्यक्रम सुरू व्हायला वीस मिनिटं आणि फोटोचा पत्ता नाही. व्हरांड्यातल्या बाकावर त्याला एक तरुण दिसला. गुडघ्यांवर फाटलेली पँट, डोळ्यांवर आलेले केस आणि चेहरा असा की जगात याला कुणी उरलेलं नाही. खरं तर उरली नव्हती ती फक्त फोनची बॅटरी. फोटोग्राफरने त्याला उभं केलं, गालाला थोडं काळं लावलं आणि हातात पाना दिला. तरुणाने काही विचारलं नाही. इथे गुपचूप बस आणि ऑफिसातले सांगतील तसं कर, असं वडिलांनी त्याला बजावलं होतं. पाना त्याने उलटा धरला, तेही कुणाच्या लक्षात आलं नाही. फोटो बघून अधिकारीबाईंना भरून आलं.

अध्यक्षांनी भाषण कागदावरून वाचलं. मागच्या पडद्यावर फोटो झळकला, तेव्हा त्यांनी मान न वळवता नुसता हात केला.

"या डोळ्यांत बघा," ते म्हणाले. "या मुलाला विचारणारं जगात कुणी नाही. आई नाही, बाप नाही."

"अहो," पहिल्या रांगेतून त्यांची पत्नी म्हणाली, "तो आपला आहे."

अध्यक्षांनी वळून पाहिलं. सभागृहात कुणाला हसावं की टाळ्या वाजवाव्या, ते कळेना. भाचीने नुकतंच मावशींना समजावून आत आणलं होतं. ती सगळी समजूत वाया गेली. मावशी मधल्या वाटेने तडक पुढे आल्या.

"जिला खरंच कुणी नाही, ती तुमच्या बायकोशेजारी बसलीय," त्या म्हणाल्या. "शर्टाला इस्त्री आहे म्हणून तुम्हाला दिसली नाही."

बुटकी गुच्छ घेऊन उभी राहिली. अध्यक्षांच्या पत्नीने तिला हळूच विचारलं, काय काय येतं? इंजिन उतरवून परत बसवता येतं, बुटकी म्हणाली, आणि मग ते चालूही होतं.

पुढचं सगळं फार भराभर झालं. अध्यक्षांनी तिथल्या तिथे गॅरेजचं बीजभांडवल मंजूर केलं आणि झाला प्रकार बाहेर जाऊ नये, अशी मावशींना विनंती केली. मावशींनी भांडवल घेतलं, विनंती घेतली नाही.

फाटकाशी रिक्षा शोधताना त्या अजून धुमसतच होत्या. तेवढ्यात फाटक्या पँटचा तो तरुण मागून आला. गालाचं काळं अर्धवट पुसलेलं होतं. मलाही शिकवाल का, असं त्याने विचारलं.

"काय येतं तुला?"

"काहीच नाही."

त्या इमारतीतल्या माणसाकडून सकाळपासून ऐकलेलं हे पहिलं खरं वाक्य होतं. मावशींनी रागावण्यासाठी तोंड उघडलं, पण कशावर रागवावं ते त्यांना सापडेना.

"उद्या आठला ये. फी पूर्ण पडेल, तुला आईबाप आहेत," त्या म्हणाल्या. "आणि हिला ताई म्हणायचं."

तो बुटकीपेक्षा चांगला हातभर उंच होता.

"हो, ताई," तो खाली बघत म्हणाला.