नळ चालू राहील

पळसखुटीच्या विज्ञान महाविद्यालयात प्रथिनं नासकी पोचतात म्हणून बायोकेमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला त्यांच्याऐवजी विद्यार्थ्यांनाच कॉलममधून सोडतात. बर्फात ठेवलेल्या कुप्या नागपूरहून निघतात आणि इथे येईपर्यंत त्यांना वास सुटलेला असतो. त्याला कॉलेज तरी काय करणार? विद्यार्थी मात्र ताजे असतात आणि आपल्या पायांनी येतात. विद्यापीठाने याबद्दल एकदा विचारणा केली होती. माणूसही शेवटी रेणूंचाच झालेला आहे, असं विभागाने कळवलं आणि विद्यापीठाचं समाधान झालं.

कॉलम विभागाच्या मागच्या बाजूला उभा आहे. पाण्याच्या टाकीएवढा उंच, जाड पत्र्याचा. आत खोलीएवढाले मऊ पांढरे मणी ठासून भरलेत आणि प्रत्येक मण्याला भोकं आहेत. विद्यार्थी वरून सोडायचे, त्यांच्यामागून बफर, म्हणजे बेताचं खारट पाणी, सोडत राहायचं, आणि खालचा नळ उघडा ठेवायचा. नळ म्हणजे तोटी नव्हे, माणूस वाकून बाहेर येईल एवढं ते तोंड आहे, पण सगळे त्याला नळच म्हणतात. अंगापिंडाने दांडगा विद्यार्थी कुठल्याच भोकात मावत नाही. तो मण्यांच्या मधल्या फटींतून सरळ खाली घसरतो आणि पहिला बाहेर पडतो. बारीक चणीचा प्रत्येक मण्यात शिरतो, आत हिंडतो, निघतो, पुढच्यात शिरतो. तो शेवटी येतो. शास्त्र एवढंच आहे.

हे एवढंसं शास्त्र सावरबांधे मॅडम वर्षभर घसा फोडून शिकवत होत्या. त्या याच वर्षी रुजू झालेल्या. कॉलम माणसांचा क्रम लावतो तो फक्त आकारावरून, उशिरा येणं हा कुणाचा दोष नव्हे, त्या उशिरावरूनच तर आकार मोजायचा, असं त्या फळ्यावर आकृती काढून सांगत. आणि शेवटचा बाहेर पडेपर्यंत नळाला हात लावायचा नाही, हे दर तासाला बजावत. मुलं माना डोलवत.

परीक्षेच्या दिवशी मात्र मॅडमना इथली रीत कळली आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जो पहिला बाहेर येईल तो परीक्षेत पहिला, दुसरा येईल तो दुसरा. विभागप्रमुख डॉ. खानझोडे खाली नळासमोर खुर्ची टाकून बसत आणि येईल त्या क्रमाने गुण देत. अहो, ज्याला कुठेच शिरता आलं नाही तोच आधी येतो, याचं बक्षीस कसलं? मॅडमनी हे स्पष्ट विचारलंही. खानझोडे सर शांतपणे म्हणाले, की शर्यतीतही असंच करतात.

पहिला आला निशांत देवतळे. कबड्डी खेळणारा, दारातून आडवा होऊन आत येणारा पोरगा. आत काय पाहिलंस, असं तोंडी परीक्षेत विचारल्यावर तो म्हणाला, काही नाही सर, मणी लागले अंगाला, मग खाली आलो. सरांनी त्याची पाठ थोपटली आणि सगळ्यात जास्त गुण दिले. निशांतला ते फारसं पटलेलं दिसलं नाही. मग एकेक करत बाकीचे आले. ऊन उतरलं तेव्हा एकच मुलगी यायची राहिली होती, प्रणिता तुरणकर. वर्गात सगळ्यात ठेंगणी, पहिल्या बाकावरही उशी घेऊन बसणारी.

खानझोडे सरांनी शिपायाला पाण्याची वरची मोटर बंद करून नळ लावून घ्यायला सांगितलं.

"प्रणिता आत आहे," मॅडम म्हणाल्या.

"मुख्य मुख्य सगळे आले ना जी."

"सर, पाणी थांबलं तर ती जिथे आहे तिथेच राहील. कॉलममध्ये पाण्याशिवाय कुणाला हलता येत नाही."

"दरवर्षी दोन-चार राहतातच, मॅडम. आपण त्यांना गैरहजर दाखवतो. तक्रार अशी कुणाची येत नाही."

आतून कोण येणार होतं तक्रार घेऊन! मॅडमना वाटलं, या माणसाला खुर्चीसकट उचलून वरून सोडावं. एवढी शिकलीसवरलेली माणसं, आणि यांना एक पोर आत राहिल्याचं काहीच नाही! त्या तरातरा चालत गेल्या आणि साडी सावरून नळाच्या तोंडातच फतकल मारून बसल्या. आता झाकण लावायचं तर माझ्यासकट लावा, असं त्यांनी शिपायाला सांगितलं. शिपायाने सरांकडे पाहिलं. बाईमाणसाला हात कोण लावणार, म्हणून तो वर गेला आणि नुसती मोटर बंद करून आला.

नळाची धार हळूहळू बारीक होऊ लागली. मॅडमच्या पाठीवर आता फक्त थेंब पडत होते. तेवढ्यात निशांत पुढे आला आणि बादल्या कुठे मिळतील म्हणून विचारू लागला. मॅडमनी रागातच त्याला सांगितलं, की बादल्या होस्टेलमधून आण, पण साधं पाणी ओतलंस तर ती आत फुगेल, मेसमधून मीठ घे आणि मी शिकवलंय तेवढंच घाल. घालशील ना नीट? निशांतने प्रमाण बरोबर सांगितलं. मग त्याने वर्गातल्या सगळ्यांना कामाला जुंपलं, खालपासून वरपर्यंत शिडीवर एकेकाला उभं केलं आणि बादल्या हातोहात चढू लागल्या. खानझोडे सर म्हणाले, की हे परीक्षेच्या नियमात बसत नाही. पुढची बादली वर गेली.

धार पुन्हा जोर धरू लागली. बऱ्याच वेळाने मॅडमच्या खांद्यावर मागून एक ओला हात पडला. त्या उठून बाजूला झाल्या आणि प्रणिता बाहेर आली. मॅडमनी पदराने तिचं डोकं खसाखसा पुसलं, जवळजवळ मारल्यासारखं. खानझोडे सर म्हणाले, वेळ संपली आहे, आता नोंद बदलता येणार नाही.

प्रणिताने त्यांच्याकडे लक्षच दिलं नाही. "मॅडम, बादल्या थांबवू नका," ती म्हणाली. "आत अजून आहेत. गेल्या वर्षीचे, त्याच्या आधीचे. एका मण्यात तर तिघंजण दाटीवाटीने बसलेत. मला विचारत होते, परीक्षा सुरू झाली का म्हणून."

संतापाने मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. वर शिडीवरच्या मुलांनी ते ऐकलं होतं. खाली कुणी काही सांगण्याआधीच बादल्यांचा वेग वाढला.

आत राहिलेल्यांपैकी पहिला जो आला तो एक किडकिडीत तरुण होता. अंगातला ॲप्रन आखूड झालेला, दाढी वाढलेली. उजेडाने डोळे बारीक करून त्याने समोर पाहिलं, खुर्चीवरच्या सरांना ओळखलं आणि खिशातून भिजलेलं ओळखपत्र काढून अदबीने पुढे केलं. भास्कर काळपांडे. सरांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि परत दिलं.

"तुम्ही गैरहजर आहात," ते म्हणाले.

"बरं सर," भास्कर म्हणाला. त्याने ओळखपत्र खिशात ठेवलं आणि पुन्हा आत जाण्यासाठी नळाशी वाकला.

मॅडमनी त्याचं मनगट असं पकडलं की तो कळवळला. "खबरदार आत पाऊल टाकलंस तर," त्या म्हणाल्या. मग त्या सरांकडे वळल्या. आवाज मुळीच चढला नव्हता, पण शिडीवरची मुलंसुद्धा थबकली. "उठा. त्याला बसू द्या."

खानझोडे सर उठले. भास्कर खुर्चीच्या कडेवर बसला. त्याच्या ॲप्रनमधून पाणी ठिबकत होतं आणि हात मांडीवर घट्ट धरलेले होते.

"तोंडी परीक्षा आहे," मॅडम म्हणाल्या. "आत काय काय पाहिलंस ते सांग. सगळं सांग, घाई नाही."

भास्करने थोडा विचार केला आणि पहिल्या मण्यापासून सांगायला सुरुवात केली. तो तिसऱ्या मण्यापर्यंत आला असेल, तेव्हा नळात कुणीतरी खोकलं. मॅडमनी निशांतला आणखी एक खुर्ची आणायला पाठवलं.