कबुलीचं इंग्रजी

हिंदी मुलखातल्या ब्राह्मणपाऱ्याच्या त्या मराठी गल्लीत चेतनाइतकं इंग्रजी कुणालाच येत नव्हतं, आणि ही गोष्ट गल्लीपेक्षा चेतनालाच जरा जास्त ठाऊक होती. नागपूरला बी.ए. केलेली बाई! त्यामुळे शाळेच्या डायरीत मॅडमचा इंग्रजी शेरा आला, की उत्तर ती लिहायची आणि बाकी तिघी आया उतरवून घ्यायच्या. सोय रास्तच होती. चारही मुलं दयारामच्या एकाच ऑटोत जायची, एकाच वेळी उशिरा पोचायची. शेरा एक, उत्तर एक.

त्या मंगळवारी ऑटो पंक्चर झाला. दुपारी ईराने डायरी पुढे केली. "मम्मी, मैडम ने लिखा है. बहुत गुस्सा थीं."

चेतनाने डायरी ओढूनच घेतली. पोरगी पहिलीतली, चारचौघांत तोंड न उघडणारी. यंदा कधी नव्हे ते गॅदरिंगच्या नाचात मोर झाली होती. उशिरापायी मोरपण काढून घेतलं तर? तिने लाल अक्षर पाहिलं, तळाशी 'उद्यापर्यंत उत्तर द्या' पाहिलं, मधल्या चार ओळी उशिराच्याच असणार म्हणून सोडून दिल्या आणि सगळा दोष स्वतःवर घ्यायला बसली.

मराठीत 'मीच' म्हटलं की भागतं. इंग्रजीत त्या एका 'च'साठी अख्खी वरात काढावी लागते. इट इज आय हू... पुढे ॲम की इज? इज लिहिलं, खोडलं. ॲम लिहिलं, तर ते परक्या घरात चपला घालून शिरल्यासारखं दिसायला लागलं. तिकडे वरण करपलं. शेवटी माळ्यावरून कॉलेजची वही काढली. हू ज्याच्याबद्दल, क्रियापद त्याच्याप्रमाणे. म्हणजे ॲम! 'इट इज आय हू ॲम रिस्पॉन्सिबल, नॉट माय चाइल्ड.'

"लय वजनदार झालं वो बाई," शेजारच्या प्रेमलाताई उतरवता उतरवता म्हणाल्या. "आता मॅडमच्यानं काही बोलनंच होत नाही."

दुसऱ्या दिवशी चौघींना शाळेतून बोलावणं आलं. कुणीतरी नाचातल्या मोराचा पिसारा ओरबाडला होता. मधल्या चार ओळींत तेच लिहिलं होतं. ज्याला काही माहीत असेल त्याने लिहावं, बाकीच्यांनी नुसती सही करावी.

"पिसारा एक," सोनिया मॅडम चार डायऱ्या उघडून म्हणाल्या, "और कबूल करने वाली मम्मियाँ चार."

"आमी निस्तं उतरवलं," प्रेमलाताईंनी बोट दाखवलं. "लिवलं हिनं."

चेतनाने पंक्चर सांगितलं, वरण सांगितलं, ॲमसुद्धा सांगितला. मॅडमने शांतपणे ऐकलं. इंग्रजी अगदी बरोबर आहे, म्हणाल्या. पण पिसारा सकाळीच गोल बाजारातल्या टेलरकडे दुरुस्तीला गेला होता, दुसऱ्या मुलीच्या मापाने.

 परतताना ऑटोत ईरा हळूच म्हणाली, "मोर तो मैं ही थी ना, मम्मी. अपनी पूँछ कोई खुद खींचता है क्या?"

चेतनाने डायरी उघडून मधल्या चार ओळी पहिल्यांदा नीट वाचल्या.

शुक्रवारी चारही डायऱ्यांत नवी सूचना आली. चौघांना आता नाचात झाडं व्हायचं आहे, मुलांना हिरवे कपडे घालून पाठवावे. चेतनाने ती तीनदा वाचली, ईराला मोठ्याने वाचून दाखवली, खाली फक्त 'पाहिले' लिहिलं आणि सही केली.

प्रेमलाताईंनी ते जसंच्या तसं उतरवून घेतलं. चेतनाच्या सहीसकट.