लिहून आल्यावर बांधतो

मंगळवारी सकाळी भरमा आप्पा वारले. दुपारपर्यंत आमच्या गल्लीत दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, माणूस गेला, आता तरी त्याच्या डोक्याला फेटा बांधा. दुसऱ्याचं म्हणणं, बांधलात तर तो उठून बसेल.

परगावच्या वाचकाला यातली अडचण सांगायला हवी. शहापुरातली आमची गल्ली लुगडी विणणाऱ्या विणकरांची. इथला पुरुष आंघोळ झाली की आधी डोक्याला काहीतरी घालतो आणि मग अंगात घालायला शोधतो. फेटा, पटका, रुमाल, टोपी, काहीही चालतं. उघडं डोकं तेवढं चालत नाही. तसा कुणी दिसला, की घरात कोण गेलं, असं लोक हळू आवाजात विचारतात. मेलेल्या पुरुषालासुद्धा फेटा बांधूनच नेतात. अशा गल्लीत भरमा आप्पा पहिल्या महायुद्धावरून आल्यापासून उघड्या डोक्यानं वावरले. लग्नात तसेच, देवळात तसेच, लष्करी कॅम्पातल्या साहेबाच्या कचेरीत तसेच. सुरुवातीला लोकांनी विचारलं असणार, घरात कोण गेलं म्हणून. आप्पांना घरच नव्हतं, तेव्हा पुढे तो प्रश्न बंद पडला. कारण विचारलं, की आप्पांचं उत्तर ठरलेलं होतं.

"लिहून आल्यावर बांधतो."

आप्पा मूळचे सांबऱ्याचे. पलटणीबरोबर समुद्रापार बसऱ्याकडे लढायला गेले आणि उजवा पाय ओढत परत आले. नांगरामागं चालणं होईना, म्हणून आमच्या मल्लाप्पा मामांच्या मागावर सुताच्या कांड्या भरायला बसले. माझ्या दारासमोरच्या खोलीत एकटे राहत. मी शाळेत मास्तर. इंग्रजीत अर्ज लिहू शकणारा गल्लीत मी एकटाच, तेव्हा आधी त्यांचा अर्ज माझ्याकडे आला आणि अर्जामागून आप्पा आले.

लिहून यायला हवी होती ती त्यांची जखम. मांडीतून गोळी आरपार गेली होती. पण सरकारी कागदात गोळी नव्हती, ताप होता.

"ताप मांडीतनं आरपार जातो व्हय, मास्तर?" असं म्हणून त्यांनी पहिल्याच भेटीत धोतर वर केलं. समोरून लहान खड्डा आणि मागून मोठा. मी पुस्तकातला माणूस. मला पाणी प्यावं लागलं.

त्या पायाला ते पाय म्हणत नसत, पुरावा म्हणत. "आज पुरावा लई ठणकतोय." "थंडीत पुरावा आखडतोय, जरा शेकतो." कुणाशी वाद सुरू झाला आणि आप्पांचा हात धोतराच्या काठाकडे गेला, की बायका आपापल्या घरात जात. मल्लाप्पा मामांच्या मुलीला बघायला पाहुणे आले होते तेव्हाची गोष्ट. मुलाच्या बापानं दाराबाहेर बसलेल्या आप्पांना बघून विचारलं, "ह्यांच्यात कोण वारलंय काय?" आप्पा उठले, आत आले, पाहुण्यांच्या मधोमध उभे राहिले आणि सगळी हकिगत सांगून शेवटी पुरावा दाखवला. पोह्यांच्या बशा तशाच राहिल्या. मामा कळवळून म्हणाले, "आप्पा, झाका की वो आता." सोयरीक मोडली असंच आम्ही धरलं. पण मुलाचा बाप उठता उठता म्हणाला, "ज्या गल्लीत न मागता पुरावा दाखवत्यात, तिथं मुलीचं वय तरी खरं सांगितलं असंल." लग्न झालं.

गोळीचा ताप कसा झाला, हेही आप्पांनी मला सांगितलं होतं. इस्पितळात टेबलामागं बसून एक जण लिहून घेत होता. त्यानं मान वर न करता विचारलं, काय होतंय? आप्पा म्हणाले, ताप.

"अहो, पण मांडी?" मी म्हणालो.

"मांडी दिसतच होती की. रगात गळालतं. जे दिसतंय ते तोंडानं सांगायचं असतंय व्हय? ताप दिसत न्हाय, म्हणून ताप सांगितला."

आमच्याकडची माणसं अशीच बोलतात. पाहुणा दारात उभा राहिला तर तो आला हे सांगत नाहीत, त्याला पाणी हवं का ते विचारतात. टेबलामागच्या माणसाला ही रीत ठाऊक नव्हती, एवढंच.

कॅम्पातल्या कचेरीत मी त्यांच्याबरोबर कितीदा गेलो असेन. तिथला कारकून चिकोडीकडचा, बोलायला गोड. आप्पा दिसले की तो फडताळ न उघडताच म्हणायचा, "इल्ल, आप्पा. कागदात न्हाय." एकदा त्यांना लष्करी डॉक्टरपुढे उभं केलं. डॉक्टरनं खड्डे तपासले, जखम गोळीची आहे असं कबूल केलं, पण ती लढाईतच लागली हे कशावरून, असं विचारलं. शिकारीत लागली असेल.

"व्हय साहेब," आप्पा म्हणाले. "बसऱ्याला सशाच्या शिकारीला गेलतो. सरकारनंच तिकीट काढून दिलतं."

मी याचं भाषांतर केलं नाही. डॉक्टरला मराठी कळत होती.

पुढे एक बरा साहेब आला. त्यानं तोड काढली. म्हातारपण आणि अशक्तपणा या सदरात पेन्शन थोडं वाढवून देतो, जखमेचा हट्ट सोडा. मी आप्पांना हळूच कोपरानं ढोसलं. घ्या म्हणालो. कारकूनसुद्धा म्हणाला, घ्या की. आप्पा काठी न टेकता उभे राहिले.

"मी अशक्त न्हाय," ते म्हणाले. "मी जखमी हाय. तेवढं लिवा, आणि पैसे तुमच्याकडंच ठेवा."

परत येताना टांग्यात मी रागावलेला होतो. आप्पा खुशीत होते. टांगेवाल्याला त्यांनी पुरावा दाखवला.

चळवळीच्या दिवसांत गल्लीतली पोरं खादीच्या टोप्या वाटत आली. आप्पांचं उघडं डोकं त्यांना तयार जागा वाटली. आप्पांनी टोपी हातात घेतली, शिवण उलटसुलट बघितली आणि परत दिली. "सरकारसाठी बांधली न्हाय, तर सरकारच्या विरुद्ध कशी घालू? आधी लिहून येऊ दे." थोड्या वेळानं पोरांच्या मागावर फौजदार आला. एवढ्या टोप्यांत एक म्हातारा शिपाई टोपीवाचून बसलेला बघून त्यानं शाबासकी दिली. आप्पांनी त्यालाही दिवाणजीसारखं बसवून घेतलं आणि अर्ज कुठं अडलाय ते पहिल्यापासून सांगितलं. तोवर पोरं मागच्या परसातून पसार झाली. त्यांचा पुढे असा समज झाला, की आप्पांनी ते मुद्दाम केलं. मला तसं वाटत नाही. अर्जाचं ऐकून घेणारा माणूस त्यांनी कधीच सोडला नसता.

लग्नाकार्यात मानाचा फेटा आला, की आप्पा तो घेत, नीट घडी करत आणि पिशवीत टाकत. दसरा झाला, की ती पिशवी घेऊन आगगाडीनं गुंजीला जात आणि रिकामी पिशवी घेऊन परत येत. गल्लीनं याचा अर्थ लावला नसता तर ती गल्ली कसली?

"आप्पांनी गुंजीला बाई ठेवलीया," मागावरचे लोक म्हणत.

"बाईला फेटे कशाला?" मल्लाप्पा मामा विचारत. "शहापुरात राहून बाईसाठी फेटे नेतोय? लुगडी काय संपली?"

आप्पांच्या कानावर हे जाई. ते कांडी भरत राहत.

अर्जाविषयी त्यांचा आणखी एक हट्ट होता. पहिलं वाक्य त्यांचंच लागे: मी पडलो होतो तिथून मला उचलून आणण्यात आलं. मी म्हणे, आधी नाव, पलटण, मग जखम, आणि उचलल्याचं शेवटी घालू. सरकारला त्याचं काय? आप्पा काठी आपटत. "ते आधी. जखम मागनं." प्रत्येक अर्ज त्या वाक्यानं सुरू झाला आणि प्रत्येक अर्ज परत आला.

गेल्या महिन्यात ते अंथरुणाला लागले. सोमवारी मला म्हणाले, "काय झालं तर गुंजीला कळीव. नारूच्या घरी. वैनी हाय तिथं." नारू कोण, हे सांगण्याइतका दम राहिला नव्हता. मंगळवारी सकाळी मी स्टेशनावर जाऊन ओळखीच्या बाबूकडून गुंजी स्टेशनाला तारेनं कळवलं. लोक म्हणाले, कशाला थांबायचं? पण ती बाई बघायला मिळणार म्हणून थांबले.

दुपारच्या गाडीनं ती आली. साठीच्या आसपासची, वाळलेली, कपाळाला कुंकू. काखेत मोठं गाठोडं. मल्लाप्पा मामांनी तिला जागा करून दिली. ती आप्पांच्या पायाशी बसली आणि उजव्या मांडीवर, धोतरावरून, हात ठेवला. गल्लीत ज्या पायाला सगळे हसत होते, तो तिनं सावकाश चेपला.

तिचं नाव पारूबाई. तिचा नवरा नारू आप्पांच्याच पलटणीत होता. आप्पा पडले, तेव्हा नारूनं डोक्याचा पटका फाडून त्यांची मांडी आवळली, त्यांना पाठीवर घेतलं आणि जखमींच्या गाडीपर्यंत पोचवलं. मग दोघांच्या बंदुका मागं राहिल्या होत्या, त्या आणायला तो बोडक्यानंच परत गेला. तो पुन्हा दिसला नाही. सरकारी कागदात नोंद झाली, की यानं हुकुमाशिवाय जागा सोडली.

"आप्पांनी साहेबाला सांगितलं न्हाय?" मामांनी विचारलं.

"सांगितलं की. साहेब म्हणाला, तुला तर ताप होता. तापाच्या माणसाला उचलायला कोण जागा सोडतंय?" ती म्हणाली. "तवापास्नं गाव म्हणतंय, पारूचा नवरा पळपुटा. कोण म्हणतंय गोव्यात बघितला, कोण म्हणतंय दुसरं घर केलंय. सरकारनं मेला म्हणून लिवलं न्हाय, म्हणून हे कुंकू हाय. दर दसऱ्याला आप्पा फेटा आणून द्यायचे. म्हणायचे, वैनी, माझ्यापायी नारूचं डोकं उघडं पडलं, आधी त्याचा. मी म्हटलं, मला खरं ठाऊक हाय, मला पुरं झालं, आता बांधा तुम्ही. तर म्हणायचे, तुला ठाऊक असून काय उपयोग? गावाला कळाय पायजे."

तिनं गाठोडं सोडलं. आमच्या गल्लीतल्या लग्नांचे फेटे होते. मामांनी त्यातला त्यांच्या मुलीच्या लग्नातला ओळखला. तो उचलून ते आप्पांच्या उशाशी गेले.

"लिहून आलं व्हय?" पारूबाईनं विचारलं.

"न्हाय."

"मग बांधायचा न्हाय."

मामा फेटा धरून उभे राहिले. ती उठली, त्यांच्या हातातून तो घेतला, बाकीच्या फेट्यांवर ठेवला आणि सगळ्यांची मिळून एक घडी केली. "उशाला चालतील," ती म्हणाली, आणि आप्पांचं डोकं उचलून तिनं ती घडी खाली सारली.

खांदा देण्याआधी मामांनी स्वतःचा फेटा उतरवला. मग बाकीच्यांनी उतरवले. स्मशानाच्या वाटेवर आमची सगळी गल्ली पहिल्यांदाच आप्पांसारखी दिसत होती.

दहाव्याला पारूबाई परत आली आणि माझ्या ओसरीवर बसली. सरकार आता जाणार, नवं येणार, असं सगळे बोलतात; तेव्हा अर्ज कुणाच्या नावानं करायचा, हे मी तिला विचारलं. ती म्हणाली, जो खुर्चीवर बसला असंल त्याच्या. अर्ज तिच्या नावानं लिहिला, 'मी'च्या जागी आप्पांचं नाव घातलं. तिनं अंगठा उठवला, अंगठ्याची शाई पदराला पुसली आणि संध्याकाळच्या गाडीनं गेली. कारकुनानं अर्ज ठेवून घेतला आहे. पुरावा आता नाही. पहिलं वाक्य तेच आहे.