एक नंबरचं बटण

आई-वडील म्हातारे झाले आहेत ही गोष्ट मुलांच्या लक्षात नेहमी उशिरा येते, आणि एकदा लक्षात आली की मुलं ताबडतोब काहीतरी ऑर्डर करतात. वस्तू दारात आली की कर्तव्याचा बराचसा भाग पार पडलेला असतो. उरलेला भाग, म्हणजे ती वस्तू वापरणे, हा आई-वडिलांकडे असतो आणि तिथेच सगळं अडतं.

माझ्या सासुरवाडीत हा प्रश्न ज्या गांभीर्याने हाताळला गेला, त्याची नोंद कुठेतरी राहावी म्हणून हे लिहितोय. सासरे बबनराव, वय शहात्तर. सासूबाई मनोरमाबाई, वय एकाहत्तर. मुक्काम भाईंदर पश्चिम, सोसायटीचा तिसरा मजला, लिफ्ट आहे (ती चालते असा माझा दावा नाही). अपत्ये तीन: थोरला कौस्तुभ ठाण्याला घोडबंदर रोडवर, मधली मिनल, म्हणजे माझी बायको, काशीमीऱ्याला, आणि धाकटा स्वप्नील पुण्याला. मी जावई. जावयाला अशा कामकाजात मताचा अधिकार नसतो, पहिल्या चहाचा असतो. त्यामुळे मला सगळं निवांत बघता आलं.

सुरुवात श्रावणात झाली. एका सकाळी बबनरावांची शुगर एकदम उतरली आणि ते घामाघूम होऊन पलंगावर कलंडले. सासूबाईंनी जुन्या फोनवरून तिन्ही मुलांना फोन लावले. एक मीटिंगमध्ये होता, एक गाडी चालवत होता, आणि एकीचा फोन चार्जिंगला लावून आम्ही भाजी आणायला गेलो होतो. शेवटी समोरच्या ब्लॉकमधल्या ममताबेननी साखरपाणी पाजलं, रिक्षा बोलावली आणि त्यांना दवाखान्यात नेलं. मुलांना कळलं ते दुपारी, ममताबेनच्या मेसेजवरून. आपण किती घाबरलो होतो हे सासूबाईंनी तिघांनाही वेगवेगळं सांगितलं. तिघांनाही मनापासून वाईट वाटलं. माणसं चांगली आहेत, हे मी शपथेवर सांगतो. सविस्तर चर्चेअंती असा निष्कर्ष निघाला की आई-बाबांचा फोन जुना झाला आहे.

लगोलग 'आई-बाबा सेफ्टी' नावाचा ग्रुप निघाला. त्यात आई-बाबांना घेतलं नव्हतं, कारण त्यांचा गोंधळ उडाला असता.

पहिल्या टप्प्यात स्मार्टफोन आला. बबनराव आयुष्यभर फोन कानाला लावत आले आहेत, त्यामुळे व्हिडिओ कॉलही ते कानालाच लावून घेत. वडिलांचा कान इतक्या जवळून बघण्याचा योग त्या घराण्यात प्रथमच आला. मग माणूस पडला की आपण होऊन कळवणारं घड्याळ आलं. सोसायटीच्या गणपतीत आरतीला टाळ्या वाजवताना बबनराव पडल्याचं त्याने पुण्याला कळवलं. पुढे ते न्हाणीघरात खरोखरच घसरले तेव्हा घड्याळाने काहीच कळवलं नाही, कारण ते कपाटात दागिन्यांच्या डब्याशेजारी होतं (पाणी लागून खराब होऊ नये म्हणून). मग बोलणारा डबा आला. त्यातली बाई दिवसभर ताटकळत असते याचं सासूबाईंना वाईट वाटे, आणि झोपताना त्या तिच्यावर आठवणीने रुमाल टाकत. बबनराव बँकेविषयी काही बोलायचं असलं की आधी भिंतीतून तिचा प्लग काढून घेत.

या अनुभवावरून समितीने निष्कर्ष काढला की घरातल्या ज्येष्ठांपैकी शंभर टक्के (म्हणजे दोघेही) नव्या तंत्रज्ञानाला विरोध करतात. यापुढे फक्त साधं, सोपं काहीतरी घ्यावं असं ठरलं. सोपं म्हणजे काय, यावर स्वप्नीलने सतरा रकान्यांचा तुलनात्मक तक्ता केला. तो समजून घ्यायला बाकीच्या दोघांना दोन रविवार लागले.

तक्त्यातून जो फोन वर आला तो खरोखर गुणी होता. साबणाच्या पेटीएवढा, दोरीने गळ्यात अडकवायचा. पुढे चार मोठी बटणं आणि प्रत्येक बटणावर फोटो लावायची सोय. कौस्तुभचा फोटो दाबला की कौस्तुभला फोन. त्याला क्रमांक नको, नाव नको, चष्माही नको. जुना फोन बबनरावांनी सोडला नाही, कारण बँकेचे आणि गॅसचे मेसेज त्यावर येत; म्हणून नव्या फोनसाठी नवं सिमकार्ड घेतलं.

आता एक नंबरच्या बटणावर कोणाचा फोटो लावायचा, हा प्रश्न उभा राहिला. प्रेमाची अशी चढाओढ मी पाहिली नव्हती. थोरला या नात्याने कौस्तुभने एक नंबर गृहीतच धरला होता, आणि दहा वर्षांपूर्वीचा, डोक्यावर भरपूर केस असलेला फोटो पाठवला होता. मिनलचं म्हणणं, सर्वांत जवळ आपण राहतो. तिने पैठणीतला फोटो दिला. त्यात शेजारी मी होतो, तो कापावा लागला. स्वप्नीलचं म्हणणं, शोध त्याने लावला. त्याने परदेशातला काळ्या चष्म्यातला फोटो दिला. तो पाहून बबनरावांनी हा कोण, अशी चौकशी केली. दोन दिवस बहीण-भावंडांत अबोला होता.

तिसऱ्या दिवशी स्वप्नीलने माहितीपत्रकाचं शेवटचं पान वाचलं. फोनच्या पाठीला एक लाल बटण होतं. संकटात ते दाबून धरलं की फोन आधी एक नंबरला लागतो, त्याने उचलला नाही तर दोनला, मग तीनला, मग चारला. म्हणजे एक नंबर हा मान नव्हता, ती ड्युटी होती.

ही माहिती ग्रुपवर पडली आणि सगळ्यांचा स्वर एकदम बदलला. मोठा असलो म्हणून काय झालं, मुलीवर आईचा जीव जास्त असतो, तेव्हा एक नंबर मिनलचाच, असं कौस्तुभने लिहिलं. मिनलने कळवलं की मुलगे असताना मुलीने पुढे होणं बरं दिसत नाही, शिवाय काशीमीऱ्याच्या नाक्यावर ट्रक इतके असतात की त्यामानाने ठाणं जवळ. कौस्तुभने घोडबंदर रोडची सध्याची स्थिती सांगितली, खड्ड्यांच्या फोटोंसह. स्वप्नील पुण्यात असल्यामुळे त्याला फार त्याग करावा लागला नाही, त्याने फक्त दोघांच्याही म्हणण्याला अनुमोदन दिलं. त्याग करण्यात कोणीच मागे हटेना. अखेर सरकारी नोकरीतल्याप्रमाणे ज्येष्ठतेचं तत्त्व स्वीकारण्यात आलं: एकवर कौस्तुभ, दोनवर मिनल, तीनवर स्वप्नील. ठराव दोन विरुद्ध एक मतांनी संमत झाला. माझा डावा खांदा मिनलच्या फोटोत राहून गेला असल्याने दोन नंबरवर मलाही अंशतः प्रतिनिधित्व आहे.

चौथं बटण रिकामं होतं. सासूबाईंनी तिथे ममताबेनचा फोटो लावायला सांगितला. रिकामी जागा बरी दिसत नाही म्हणून समितीने हरकत घेतली नाही.

मग प्रशिक्षण. लाल बटण दाबलं की फोन भोंगाही वाजवतो, हे पहिल्याच प्रयोगात समजलं. सगळी विंग जिन्यात जमली, आणि वॉचमन आग विझवायचं नळकांडं घेऊन तीन मजले चढून आला. भोंगा बंद करण्यात आला. स्वप्नीलने आईकडून नियम पाठ करून घेतले. घाबरायचं नाही. हाका मारायच्या नाहीत. बाबांना एकटं सोडून धावायचं नाही. बटण दाबायचं आणि थांबायचं. सासूबाईंनी एकदाही न चुकता नियम म्हणून दाखवले, आणि त्या दिवसापासून फोन गळ्यातून काढला नाही. विरोधाचा प्रश्न अशा रीतीने मिटला.

दिवाळीनंतरच्या रविवारी तिघंही भाईंदरला जमले. यंत्रणेचा आढावा घ्यायचा होता, आणि फराळही उरला होता. जेवणं झाली. बबनराव जरा पडतो म्हणून आत गेले. त्यांची झोपमोड होऊ नये म्हणून आम्ही मधलं दार लावून घेतलं. भांडी आवरून सासूबाईही आत गेल्या. बाहेर हॉलमध्ये पुढच्या टप्प्यावर चर्चा सुरू झाली. घरात कॅमेरे लावावेत का, आणि लावले तर ते बघायचे कोणी.

एवढ्यात कौस्तुभचा फोन वाजला. त्याने पाहिलं, अनोळखी नंबर होता.

"रविवारी पण सोडत नाहीत हे लोनवाले," म्हणत त्याने तो कापला.

मग मिनलचा वाजला. चकलीने हात तेलकट होते, तरी तिने करंगळीने कापला. मग स्वप्नीलचा. स्वप्नील आयटीतला असल्यामुळे त्याने नंबर नुसता कापला नाही, ब्लॉकही केला. मग त्याच्याच लक्षात आलं की तिघांनाही पाठोपाठ फोन आले. नंबर ताडून पाहिले, तर तिन्ही एकच. याचा अर्थ उघड होता: एका घरातल्या तिघांचेही नंबर कोणीतरी बाहेर विकले होते. यावर फार चांगली चर्चा झाली. आपली खाजगी माहिती किती असुरक्षित आहे हे स्वप्नील समजावून सांगत असताना दाराची बेल वाजली.

दारात ममताबेन उभ्या होत्या. पायात चप्पल नव्हती, हातात साखरपाण्याचा ग्लास होता. आम्हाला सगळ्यांना तिथे बसलेलं पाहून त्या क्षणभर गोंधळल्या.

"आंटी का फोन आया ना," त्या म्हणाल्या, आणि आमच्यामधून वाट काढत आत गेल्या.

आम्ही मागोमाग गेलो. बबनराव पलंगाच्या कडेला बसले होते, चेहरा पांढराफटक, बनियन घामाने भिजलेलं. ते पुढे कोसळू नयेत म्हणून सासूबाईंनी एका हाताने त्यांना छातीशी धरलं होतं, आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने लाल बटण दाबून धरलं होतं. त्यांनी हाक मारली नव्हती. हाका मारायच्या नाहीत असं ठरलं होतं.

थोड्या वेळाने बबनरावांना बरं वाटलं. डोळे उघडल्यावर भोवती सगळं कुटुंब उभं असलेलं पाहून, आपण गेलो की काय, अशी शंका त्यांनी काढली. तसं नसल्याची खात्री पटल्यावर त्यांनी चहा मागितला. मला मात्र त्या दारात उभं राहवेना. इतकी शरम मला फार दिवसांत वाटली नव्हती.

झालेल्या प्रकाराची चौकशी तिथेच झाली. नव्या फोनमध्ये मुलांचे नंबर भरणं हे काम कौस्तुभकडे होतं आणि ते त्याने चोख केलं होतं. मुलांच्या फोनमध्ये आईचा नवा नंबर भरणं हे काम कोणाकडेच दिलेलं नव्हतं, त्यामुळे ते कोणीच केलं नव्हतं. दोष कोणा एकाचा नाही, यावर तिघांचं एकमत झालं. ममताबेनच्या फोनमध्ये तो नंबर 'आंटी नया' नावाने होता. त्यांना तसं कोणी सांगितलेलं नव्हतं, त्यामुळे ही बाब चौकशीच्या कक्षेत येत नाही.

उलट यंत्रणा अपेक्षेप्रमाणेच चालली, हे स्वप्नीलने दाखवून दिलं. एकने उचलला नाही, दोनने नाही, तीनने नाही, चौथ्याने उचलला आणि मदत पोचली. माहितीपत्रकात शब्दशः हेच लिहिलं होतं. त्याच्या आधारे, एक नंबरवर ममताबेनना घ्यावं आणि बाकी सर्वांनी एकेक जागा खाली सरकावं, असा ठराव कौस्तुभने मांडला. मिनलने तात्काळ पाठिंबा दिला. या समितीचा एकमताने संमत होऊ शकेल असा हा पहिलाच ठराव होता.

सासूबाई सासऱ्यांच्या कपाळावरचा घाम पदराने पुसत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"मला दाबता येतं रे," त्या म्हणाल्या. "तुम्हाला उचलता येत नाही. आता तुमच्यासाठी काही सोपं मिळतं का बघा."

स्वप्नीलने खिशातून फोन काढला आणि आईचा नंबर ब्लॉकमधून कसा काढायचा ते शोधू लागला. त्याला ते पटकन सापडेना.

सासूबाईंची सूचना समितीने विचारार्थ ठेवून घेतली आहे. तुम्हालाही तुमच्या आई-वडिलांसाठी असं काही साधं घ्यायचं असेल तर मॉडेलचं नाव मी जरूर कळवीन. वस्तू उत्तम आहे, नाव ठेवायला जागा नाही. फक्त मघाशी, हे वाचता वाचता, तुमचा फोन वाजला होता. नंबर अनोळखी होता, आणि तुम्ही नजरही न हलवता तो कापलात. लोनवालेच असतील. बहुतेक वेळा तेच असतात.