अख्खं पुस्तक एकट्यानं खायचं नाय

आमच्या सोसायटीत फौजी नानांना कोणी चांगलं पुस्तक दाखवत नाही. दाखवलं, की नाना खिशातून ब्लेड काढतात, पुस्तकाची पाठ सोलतात आणि त्याचे पाच-सहा तुकडे करून मोकळे होतात. दिवाळीला मी हौसेनं त्यांना एक जाडजूड कादंबरी दिली, तर चहा यायच्या आत तिचा तिसरा तुकडा माझ्याच हातात परत आला.

"अख्खं पुस्तक एकट्यानं खायचं नाय," नाना म्हणाले.

नाना मूळचे सिन्नरकडचे. द्वारका चौकाजवळच्या आमच्या इमारतीत त्यांनी कायदाच करून ठेवलाय. एकेका घरात एकेक तुकडा. संध्याकाळी पार्किंगमधल्या बाकावर ज्यानं त्यानं आपला भाग सांगायचा, तोही ओळीनं. पहिल्या मजल्यावरचे वकील नायिकेचं लग्न ठरवून थांबतात. दुसरा तुकडा मंदाताईंकडे. त्यांना मखमलाबादच्या मळ्यातून यायला उशीर झाला, की नायिका बिचारी तशीच मांडवात ताटकळते. तिसऱ्या तुकड्यात तिचा नवरा परागंदा झालाय हे मला ठाऊक असतं, पण तोंड उघडायची सोय नाही.

ही खोड कैदेतली. एकाहत्तरच्या लढाईत नाना पाकिस्तानात युद्धकैदी होते. बराकीत माणसं भरपूर आणि मराठी पुस्तक एकच, कुणाच्या तरी पार्सलातून आलेलं. ते त्यांनी फाडून वाटून घेतलं. त्यांच्यातला एक जवान भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा. जेवण नाही, बोलणं नाही. मधला तुकडा मुद्दाम त्यालाच दिला.

"त्याच्याबिगर कुणालाच पुढं जाता येईना," नाना सांगतात. "सगळी बराक त्याच्या तोंडाकडं बघत बसायची. मंग काय करतो? उठला, वाचलं अन् बोलला."

त्याचं नाव विचारलं तर "व्हता एक" म्हणून विषय संपवतात. मला मात्र दर वेळी अंगावर काटा येतो. हातातली हत्यारं गेलेली ती माणसं, आणि कागदाच्या एवढ्याशा चोपडीनं त्यांनी एकाला मरणाच्या दारातून ओढून आणलं.

यंदा नानांच्या पत्नी, आमच्या काकू, गेल्या. दिवसकार्य उरकून मुलगा पुण्याला परतला आणि नानांनी दार लावून घेतलं. आम्ही पाठवलेले डबे न उघडता परत येऊ लागले. बोलणं म्हणाल तर दाराआडून "नको" एवढंच. आम्ही सगळे मनातून घाबरलो.

"पुस्तक फाडा," मंदाताईच म्हणाल्या.

मी कपाटातलं कोरं पुस्तक काढलं. पुस्तकाला पाय लागला तरी नमस्कार करणाऱ्या घरातली मी. सरस्वतीची माफी मागितली आणि ब्लेड चालवलं. मधला तुकडा नानांच्या दाराखालून आत सरकवला.

संध्याकाळी वकिलांनी आणि मंदाताईंनी आपापला भाग सांगितला, आणि पुढचा तुकडा नानांकडे म्हणून गोष्ट तिथंच थांबवली. दुसऱ्या दिवशी दोघांनी तेच पुन्हा सांगितलं. तिसऱ्या दिवशीही तेच. वकील तर कंटाळून स्वतःचंच पाल्हाळ लावू लागले.

आणखी काही दिवसांनी नाना खाली आले. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं खालीवर लागलेली, हातात तुकडा. बाकावर बसले, चष्मा पुसला आणि तुकडा उघडला. आम्ही त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

"बराकीतबी मला मधलाच तुकडा दिला व्हता," ते म्हणाले, आणि पुढची गोष्ट सांगू लागले.