एकमताचे दोन मॉनिटर

एका जंगलात झाडांपेक्षा समित्या दाट झाल्या होत्या. त्या जंगलात एका सकाळी एक मुंगळा एकाच वेळी दोन ठिकाणी चालत होता.

म्हणजे असं, बाळांनो. डावीकडच्या मॉनिटरवर तो एका गोट्यावर चढला. उजवीकडच्या मॉनिटरवरही चढला. डावीकडे घसरला. उजवीकडेही घसरला.

पूरसूचना कक्षात बसलेली टिटवी दचकली. तशी ती पान पडलं तरी दचकायची. पण पान पडून गेलं की पुन्हा बसायची. या वेळी तिला बसवेना.

कारण डाव्या मॉनिटरवर नदीचं कोरडं वाळवंट दिसायला हवं होतं आणि उजव्यावर वरच्या अंगाचा बंधारा. बंधारा तिथून चार कोस लांब. मग दोन्हीकडे एकच मुंगळा कसा? आणि त्याच वाळवंटात, त्याच गोट्यांच्या आडोशाला, तिची चार अंडी होती. उन्हाळ्यात बंधाऱ्याचं पाणी सोडायचे. कधी सोडणार ते बंधाऱ्यावरची पाणमांजरं कुणाला कळवायची नाहीत. दार उघडलेलं दिसलं की भोंगा वाजवायचा, म्हणून तर हा कक्ष काढलेला.

ती धावत गवासाहेबांकडे गेली. गवासाहेब कक्षाचे प्रमुख. प्रमुख व्हायला जे लागतं ते त्यांच्यापाशी भरपूर होतं, म्हणजे वजन.

"साहेब, दोन्ही मॉनिटरवर एकच दिसतंय!"

"मग चांगलंच आहे की."

"अहो, पण बंधारा कुठंय?"

"बाई, तुम्ही कॉलेजात शिकलेल्या. जरा शांतपणे बघा. डावीकडं अंडी किती?"

"चार."

"आणि उजवीकडं?"

"चार, पण साहेब..."

"झाली आठ. अहवालात आम्ही आठच लिहिलीत. एका महिन्यात टिटव्यांची अंडी दुप्पट! तुमच्याच समाजाचं भलं होतंय आणि तुम्हीच कुरकुरताय?"

"साहेब, अंडी मी घातलीत. मला माहीत असणार ना, किती ते?"

"तुम्ही फार जवळून बघता," गवासाहेब रवंथ करत म्हणाले. "जवळून बघणाऱ्याला आकडा कळत नाही."

टिटवीने मग साळिंदरमिस्त्रींना गाठलं. जंगलातलं वायरीचं सगळं काम तेच करायचे. टोकदार हत्यारं अंगावरच असल्याने त्यांना पेटी बाळगावी लागत नसे.

"काका, हा कॉम्प्युटर दोन मॉनिटर चालवत नाही का हो?"

"चालवतो की! आतच ग्राफिक्स आहे त्याच्या. इंटिग्रेटेड म्हणतात. त्याला दोन सहज झेपतात. मागं दोन सॉकेटं आहेत बघा. एकात एक वायर, दुसऱ्यात दुसरी. वेगळं कार्डबिर्ड काही लागत नाही."

"मग?"

मिस्त्रींनी इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मग काय, ताई. सल्लागार कोल्हेसाहेब म्हणाले, जे आतच आलंय ते काय कामाचं? बाहेरून आणलेलं असेल तरच चालतं. झालं, वेगळं कार्ड मागवायचा ठराव. ते कार्ड अजून समितीत अडकलंय. तेवढ्यात आली अक्षय्य तृतीया. मुहूर्त चुकवायचा नाही म्हणून उद्घाटन. गवासाहेबांनी आपल्या खुरानं यंत्राला ओलं कुंकू लावलं, ते गेलं नेमकं दुसऱ्या सॉकेटात."

"पुसायचं ना मग!"

"पुजलेलं? आणि पुजलेल्या जागेत वायर खुपसायची? काय बोलता! मला घरी बसवतील." मिस्त्रींनी एक छोटी काळी डबी दाखवली. "म्हणून ही लावली. स्प्लिटर. एका वायरीचं चित्र दोन्ही मॉनिटरांना सारखं वाटून देते. दोन्ही मॉनिटर उजळले तसा टाळ्यांचा कडकडाट! काय दिसतंय ते कुणी विचारलंच नाही."

आता तुम्ही विचाराल, एवढ्या मोठ्या कक्षात महिनाभर कुणाच्याच डोळ्यांना हे दिसलं नाही का? दिसत होतं, बाळांनो. दोनदा दिसत होतं.

दुपारी सगळे जेवणावर तुटून पडले होते. टिटवी कॉम्प्युटरच्या मागे गेली. सॉकेटातलं वाळलेलं कुंकू तिने चोचीने कोरून काढलं. मनातल्या मनात तीनदा क्षमा मागितली. मग डबीतली एक वायर उपटली आणि त्या सॉकेटात बसवली.

उजवा मॉनिटर काळा झाला. मग तो उजळला.

बंधाऱ्याचं चित्र पहिल्या दिवसापासून त्या दुसऱ्या सॉकेटापर्यंत येऊन बिचारं ताटकळत होतं. बंधाऱ्याची तिन्ही दारं उघडी होती. पाणी फेसाळत बाहेर पडत होतं.

"पाणी सुटलंय!" टिटवी किंचाळली. "भोंगा वाजवा!"

सगळे घास टाकून धावत आले. मॉनिटर बघून त्यांचे चेहरे पांढरे पडले.

"अरे देवा," कोल्हेसाहेब म्हणाले, "मॉनिटरांमध्ये मतभेद!"

"डावा म्हणतो कोरडं, उजवा म्हणतो पाणी," गवासाहेबांना घाम फुटला. "महिनाभर कसे गुण्यागोविंदानं नांदत होते! कुणी केलं हे?"

"साहेब, भोंगा!"

"नियम वाचलात का बाई? दोन्ही मॉनिटर पाणी दाखवतील तेव्हाच भोंगा."

"डाव्यावर पाणी दिसेल तेव्हा माझी अंडी गेलेली असतील!"

"म्हणजे तोवर थांबायला तुमची हरकत नाही, असं लिहून घेऊ?" कोल्हेसाहेबांनी विचारलं. लगेच बैठक बसली. विषय एकच: दोन मॉनिटरांपैकी खोटारडा कोण? उजवा दोषी असल्याचं प्रथमदर्शनी सगळ्यांना पटलं, कारण तो नवीन काहीतरी बोलत होता.

टिटवी खिडकीतून बाहेर पडली.

वाळवंटावर ऊन नुसतं भाजत होतं. अंड्यांपाशी टिटवा नव्हता. अंड्यांना गारवा द्यायला तो पोटाची पिसं भिजवायला लांबच्या डोहावर गेला होता. चार अंडी तिला एकटीला उचलता येण्यासारखी नव्हती. ती वर उडाली आणि जीव खाऊन ओरडली.

काठावरच्या भेकराने मान वर केली. "भोंगा वाजला का?"

"नाही, पण..."

"मग पाणी नाही." त्याने मान खाली घातली.

ती पुन्हा ओरडली. सावलीतल्या मोराने डोळाही उघडला नाही. "कक्षातल्या पोरी हल्ली भारी घाबरट," तो लांडोरीला म्हणाला.

वरच्या वळणापलीकडून गार वाऱ्याची एक झुळूक आली. तिला ओल्या मातीचा वास होता. टिटवीचा आवाज फाटला, तरी ती ओरडत राहिली.

काठावरच्या उंबरावर एक वानरीण राहायची. कक्षात तिला घेतलं नव्हतं, कारण तिला मॉनिटरचं काही कळत नव्हतं. तिला फक्त हाक कळायची. उंबराची फांदी जोरात हलली.

"आले गं, आले!" वानरीण खाली झेपावत ओरडली. "वरून घिरट्या नको घालूस, कुठल्या गोट्यापाशी आहेत ते दाखव!"

तात्पर्य: बाळांनो, धोका एकट्याने कधीही बघू नये. दोन मॉनिटर आणावेत, दोन्हींवर कोरडी वाळू लावावी आणि एकमताने बसून राहावं. ओरडणाऱ्या बायका कक्षाबाहेरच बऱ्या. आत त्यांच्यामुळे उगाच काहीतरी दिसायला लागतं.