ध्वनी आढळला, शब्द आढळला नाही

आमची मुलगी चंचल अडीच वर्षांची होईपर्यंत चांगली बोलत होती. त्यानंतर तिची शासकीय तपासणी झाली.

मी आलापल्लीला सागवानाच्या डेपोत कनिष्ठ लिपिक आहे. जंगलातून आलेल्या प्रत्येक ओंडक्याची लांबी आणि गोलाई मोजतात, त्यावर हातोड्याने नंबर ठोकतात आणि तो नंबर मी रजिस्टरवर चढवतो. नंबर नसलेलं लाकूड कितीही मोठं असलं तरी आमच्या खात्यात ते लाकूड नसतं, बेवारस माल असतो. त्यामुळे कोणतीही वाढ सक्षम यंत्रणेने मोजल्याशिवाय ती झाली असं म्हणता येत नाही, या मताचा मी आहे. बाप म्हणून माझी जी काही निरीक्षणं होती ती त्या अर्थाने खाजगी स्वरूपाची होती.

आम्ही गोंड. मी नोकरीला लागल्यापासून मराठी बोलतो. बायको मोनाली मेडिकल स्टोअरवर जाते, तीही दिवसभर मराठी बोलते. भांडण तेवढं आम्ही गोंडीत करतो, कारण ते लवकर संपतं. चंचल दिवसभर माझ्या आईजवळ असायची. आईचं नाव बुधरी. तिला मराठी समजतं, पण बोलायचं म्हटलं की ती पदर तोंडाला लावते.

चंचलचा पहिला शब्द ‘येर’. म्हणजे पाणी. माठाकडे बोट दाखवून तिने तो इतक्या अधिकाराने उच्चारला की आईने आंघोळीच्या पाण्याने भरलेला गुंडसुद्धा तिच्यापुढे आणून ठेवला. मग कुत्रा आला, तो ‘नैय’. कोंबडी आली, ती ‘कोर’. मग ‘हिल्ले’ आलं, म्हणजे नाही, आणि त्यानंतर बरेच दिवस दुसरं काही आलंच नाही. जेवतेस का? हिल्ले. झोपतेस का? हिल्ले. आजी पाहिजे का? यावर मात्र ती गप्प राहून आजीच्या लुगड्यात शिरायची. दोन वर्षांची झाल्यावर ती वाक्यं बोलू लागली. कोंबडी अंडं घालून उठली की ती खाली वाकून तिला विचारायची, “आणखी आहे का?” कोंबडीने उत्तर दिलं नाही तर आजीकडे तक्रार करायची.

अशा रीतीने सगळं सुरळीत सुरू असताना ‘बोलके बाळ अभियान’ आलं.

अंगणवाडीच्या इंदुताई टॅब घेऊन घरी आल्या. टॅबमध्ये चित्रं होती. मुलाने चित्र पाहून शब्द बोलायचा, टॅबने तो स्वतः ऐकायचा आणि मोजायचा, अशी व्यवस्था होती. माणसाने मोजलं तर पक्षपात होतो म्हणून माणसाला त्यातून काढून टाकलं होतं.

पाण्याचं चित्र आलं. चंचल म्हणाली, “येर.”

टॅबवरचं चक्र थोडा वेळ फिरलं. मग त्यावर अक्षरं उमटली : ध्वनी आढळला. शब्द आढळला नाही.

कुत्रा आला. “नैय!” चंचल ओरडली आणि आमच्या खऱ्या कुत्र्यालाही बोलावून तिने ते चित्र दाखवलं. ध्वनी आढळला. शब्द आढळला नाही. मग विमान, आगगाडी, अननस अशी चित्रं आली. ती पाहून चंचलने आजीला विचारलं आणि आजीने मला विचारलं. तेवढ्यात रस्त्यावरून सूरजागडकडचा खनिजाचा ट्रक हॉर्न देत गेला. टॅबने आनंदाने एक शब्द मोजला. तो चंचलच्या नावावर जमा झाला.

“इंदुताई, पोरगी बोलून राह्यली ना जी,” मी म्हणालो.

“मले समजते ना भाऊ. मी का बहिरी हाव? बोलतेच ते. पन माह्या समजन्याले इथी जागाच नाई.” त्यांनी टॅब उलटासुलटा करून दाखवला. खरोखरच जागा नव्हती. “पन्नास शब्द पाह्यजेत. तुमच्या पोरीचा एक झाला.”

“तो तर ट्रकचा हाय.”

“राहू द्या. तो बी काढला तं शून्य होते. शून्यावाल्याले वरून फोन येते.”

फोन तरीही आला. एक शब्द म्हणजे लाल गट. लाल गटातल्या घरी पर्यवेक्षिकेने भेट देऊन संभाषणाचा अभाव कशामुळे आहे ते शोधायचं असतं. मॅडम आल्या तेव्हा आई अंगणात मोहफुलं निवडत होती आणि चंचल निवडलेली फुलं परत मिसळत होती. दोघींची त्यावरून तावातावाने चर्चा सुरू होती. मॅडमनी ती संपेपर्यंत वाट पाहिली आणि विचारलं, “आजीबाई, नातीशी बोलता का कधी?”

आईला प्रश्न समजला. तिने गोंडीत सविस्तर उत्तर दिलं. पोरगी सकाळी डोळे उघडायच्या आधी तोंड उघडते, माझे कान दुखतात, तुम्हाला लेकरं किती, आणि एवढ्या उन्हात आलात तर आंबील पिऊन जा, असं ती म्हणाली. मॅडमनी टॅब तिच्यासमोर धरला होता. टॅबने आपलं मत दिलं. मॅडमनी आंबील घेतली आणि जाताना शेरा मारला : घरातील ज्येष्ठ सदस्यही अबोल.

आता घरात दोन मुके झाले.

डेपोत आमचे बडे बाबू गुणवंतराव यांना मी हे सांगितलं. त्यांनी पान थुंकून विचार केला. “सुनिल, तुह्या मायले मी ओळखतो. तिचा आवाज नदीच्या त्या पार जाते. पन वरून मुकी आली ना? मंग मुकीच. आपन ओंडक्याचा नंबर बदलतो का कधी? नाई. ओंडकाच बदलून टाकतो.”

पुढची पायरी म्हणजे तालुक्याचं शिबिर. नागपूरचे तज्ज्ञ आले होते. माणूस सज्जन होता. त्यांनी चंचलच्या पाठीमागे लहान ढोल वाजवला. चंचल झटकन वळली आणि म्हणाली, “पुन्हा वाजव.” अर्थात गोंडीत. त्यांनी पुन्हा वाजवला. ती पुन्हा म्हणाली. असं बराच वेळ चाललं, कारण डॉक्टरांना तिची प्रतिक्रिया आवडली होती.

“श्रवण उत्तम आहे,” ते म्हणाले. “वाचा मात्र नाही.”

“साहेब, ते ‘पुन्हा वाजव’ म्हणून राह्यली.”

“कोणत्या भाषेत?”

“गोंडीत.”

डॉक्टरांनी टॅबमध्ये वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. मराठी होती, हिंदी होती, इंग्रजी तर सगळ्यांच्या वर होती. “हे पाहा, तुमची भाषा नाही असं मी म्हणत नाही,” ते फार मऊ आवाजात म्हणाले. “ती यात नाही, एवढंच म्हणतो. मुलीचा मेंदू छान आहे. पण घरात अवर्गीकृत ध्वनी फार आहेत. त्यामुळे तिचा गोंधळ होतो. काही महिने ते बंद ठेवा.”

“म्हंजे?”

“आजींना सांगा, मुलीसमोर बोलू नका.”

मी शासकीय कर्मचारी आहे. तज्ज्ञांचं मत आल्यावर आपलं मत ठेवणं हे शिस्तीला धरून नाही. घरी येऊन मी आईला सगळं समजावून सांगितलं. सोप्या गोंडीत सांगितलं, कारण हा विषय मराठीत तिला कळला नसता. ती चुलीपुढे बसली होती.

“ती रडली तर?” आईने विचारलं.

“मोबाइल लावून दे.”

“आणि बोलली माझ्याशी तर?”

“तू हसायचं. हसायला बंदी नाही.”

आई हसली नाही. मोनाली आतून म्हणाली, “इतकं काऊन आयकता त्यायचं? बुढी काय दारू पाजून राह्यली का पोरीले?” मी म्हणालो की मुलीच्या भवितव्याचा प्रश्न आहे. भवितव्य हा शब्द आला की आमच्या घरात चर्चा थांबते. त्याला गोंडीत काय म्हणतात ते आम्हा दोघांनाही आठवत नाही.

दुसऱ्या दिवसापासून आईने अंमलबजावणी केली. तिच्याइतकं काटेकोर पालन मी आमच्या खात्यातही पाहिलेलं नाही. चंचलने सकाळी उठून तिला काहीतरी विचारलं. आईने मान हलवली. चंचलने पुन्हा विचारलं. मग मोठ्याने विचारलं. मग आजीला ऐकू येत नसेल असं समजून तिच्या कानात जाऊन विचारलं. शेवटी ती आजीच्या मांडीवर चढली, दोन्ही हातांनी तिचे ओठ उघडले आणि आत वाकून पाहू लागली. शब्द कुठे गेले ते शोधत असावी. या वयात मुलांची जिज्ञासा वाढते, असं मी वाचलं होतं. मी डेपोत निघून गेलो.

मोबाइलचा उपयोग झाला. त्यात एक बाई दिवसभर मराठीत बोलायची, तिला कंटाळा येत नसे आणि तिला आंबील लागत नसे. चंचल आधी त्या बाईला प्रश्न विचारायची. बाई उत्तर देत नाही हे कळल्यावर विचारणं बंद झालं. कोंबडीला विचारणंही बंद झालं. काही आठवडे तर ती काहीच बोलली नाही. इंदुताई म्हणाल्या, “भाऊ, आता मातर खरंच बोलून नाई राह्यली पोरगी. मले भेव वाटून राह्यलं.” मी त्यांना धीर दिला. दप्तरी स्थिती आणि प्रत्यक्ष स्थिती पहिल्यांदाच जुळली होती. ही प्रगतीच होती.

आणि एके दिवशी चंचल माठाजवळ उभी राहून म्हणाली, “पाणी.”

मोनालीने तिला उचलून घेतलं. मी पेढे आणले. इंदुताईंनी टॅब आणला. शब्द आढळला! त्यानंतर कुत्रा आढळला, कोंबडी आढळली, आणि ज्या विमानाने तिला एकदा हरवलं होतं ते विमानही आढळलं. पावसाळा संपेपर्यंत पन्नास झाले.

लाल गटातून इतक्या वेगाने हिरव्यात आलेलं मूल विभागात दुसरं नव्हतं. जिल्ह्याच्या ठिकाणी सत्कार ठरला. आईलाही बोलावणं आलं, कारण तीही लाल गटात अडकलेली होती आणि एका घरात एक हिरवा, एक लाल असं ठेवता येत नव्हतं. मंचावर साहेबांनी चंचलच्या हातात बाहुली दिली आणि ध्वनिक्षेपक आईपुढे धरला. “आजी, दोन शब्द बोला. कोणतेही दोन.”

आईने तोंडावरचा पदर काढला. इतक्या महिन्यांनी ती लोकांसमोर बोलली. गोंडीत बोलली. “हिने मला शेवटचं जे विचारलं होतं, त्याचं उत्तर मला देता आलं नाही,” असं ती म्हणाली.

सभागृहात माझ्याशिवाय आणि मोनालीशिवाय ते कोणाला कळलं असेल असं वाटत नाही. निवेदक म्हणाले, “भावना अनावर झाल्यामुळे आजींना शब्द फुटत नाहीत.” टाळ्या झाल्या. आईला टाळ्यांच्या आधारे हिरव्या गटात घेण्यात आलं.

बंदीची मुदत त्यानंतर संपली. आईला बोलायची पूर्ण मोकळीक मिळाली. हिवाळ्यात तिला ताप आला. ती खाटेवर पडली होती, चंचल माठाजवळ भांडी खेळत होती. “येर,” आई म्हणाली. चंचलने वर पाहिलं. आई पुन्हा म्हणाली, “येर.” चंचल पेला हातात घेऊन तशीच उभी राहिली. पेला होता, माठ होता. मग ती धावत माझ्याकडे आली.

“बाबा, आजी आवाज करून राह्यली.”

मी उठून आईला पाणी दिलं. तिने ते पिऊन भिंतीकडे तोंड केलं. ती बरी झाली, हिंडू-फिरू लागली. फक्त आता ती कोंबड्यांशी बोलते, आणि तेही चंचल जवळ नसताना.

मुलीची वाढ मात्र थांबली नाही. साडेतीन वर्षांची झाल्यावर मी तिला तालुक्यात नव्यानेच निघालेल्या इंग्रजी शाळेत घेऊन गेलो. मुलाखत होती. मी निर्धास्त होतो, पन्नास शब्द आमच्या नावावर होते. मॅडमनी चित्र दाखवलं.

“व्हॉट इज धिस?”

“कुत्रा,” चंचल खणखणीत आवाजात म्हणाली.

मॅडमनी दुसरं चित्र दाखवलं. “पाणी,” चंचल म्हणाली. “आनि ते विमान हाय. आनि तुमच्या टिकलीचा रंग माह्या बाहुलीसारखा हाय.” इतकं लांब वाक्य तिने प्रथमच केलं होतं. मला भरून आलं.

मॅडमनी माझ्याकडे सहानुभूतीने पाहिलं. “शी डझन्ट स्पीक?” मग मला समजावं म्हणून त्या मराठीत आल्या. “काळजी करू नका. खूप मुलांचं असं असतं. घरी कोण मराठी बोलतं हिच्याशी?”

“मी. आनि हिची आई.”

“बस, तेवढं काही दिवस बंद करा.”

बाहेर बाकावर एक गृहस्थ आपल्या मुलाला घेऊन रांगेत बसले होते. सुशिक्षित दिसत होते. मी त्यांना सगळी हकिकत पहिल्यापासून सांगितली. माठ, टॅब, ढोल, आईचा ताप. त्यांनी मन लावून ऐकलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. “भयंकर आहे हे,” ते म्हणाले. “एखादी भाषा अशी घरातून जाते. यावर कोणीतरी लिहायला पाहिजे. आमच्याकडे भिंतभर मराठी पुस्तकं आहेत, मी असलं आवर्जून वाचतो.”

मला बरं वाटलं. मी पुढे काही सांगणार, तोच त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि इकडेतिकडे पाहत आवाज एकदम खाली आणला.

“फक्त जरा हळू बोला,” ते म्हणाले. “आमचा मुलगा ऐकतोय.”